एकाच बागेचे दोन अहवाल, दोन आकडे : रेसिड्यू तपासणीतल्या ‘स्टँडर्ड’विषयी

द्राक्षबाग:

नमस्कार. दिंडोरी तालुक्यात माझी साडेचार एकर थॉमसनची बाग असून गेली काही वर्षे माल युरोपला जातो. निर्यातीचा अधिकृत नमुना प्रयोगशाळेची माणसे स्वतः येऊन घेतात, पण त्याआधी मनाच्या खात्रीसाठी एक खासगी रेसिड्यू तपासणी, म्हणजे फळात फवारलेल्या औषधाचा किती अंश उरला याची तपासणी, करून घेण्याची आमच्या घरात पद्धत आहे. यंदा प्रथमच मी तो नमुना दोन प्रयोगशाळांना पाठवला. ओळींमधून तिरके फिरत, वेलीच्या दोन्ही अंगांचे, उन्हातले आणि सावलीतले घड तोडले, प्रत्येक घडाचे कात्रीने दोन भाग केले आणि दोन पिशव्या भरल्या. वाटणीत खोट राहू नये एवढाच हेतू होता.

दोन्ही प्रयोगशाळा एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेल्या आहेत. नावे लिहिण्याचे कारण नाही. इमिडाक्लोप्रिड एकीकडे ०.०२१ आणि दुसरीकडे ०.०२२ मिलिग्रॅम प्रति किलो आले. अझॉक्सिस्ट्रोबिन ०.०३४ आणि ०.०३३ आले. इथवर सगळे ठीक होते. फुलकिड्यांसाठी मारलेले इमामेक्टिन मात्र पहिल्या अहवालात ०.०१६ आणि दुसऱ्यात ०.०१४ आले. कायद्याच्या मर्यादेची मला काळजी नाही, परंतु आमच्या आयातदाराने या औषधासाठी स्वतःची मर्यादा ०.०१५ ठेवलेली आहे. म्हणजे एका कागदावर माझी बाग पास आहे आणि दुसऱ्या कागदावर नापास आहे. फवारणीची तारीख नोंदवहीत आहे, पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांतले ठरवून दिलेले अंतर, पाळलेला आहे. दोन यंत्रांपैकी खोटे कोणते बोलते, हे कोणी जाणकार सांगू शकेल काय?

सांगलीकर:

दादा, अनुभवाचे बोल ऐकायचे असतील तर कमी आकड्याचा कागद फाइलला लावा आणि काढणीची तयारी करा. आमच्याकडे तासगाव भागात अनेकजण तेच करतात. मात्र पुढच्या वर्षी त्याच प्रयोगशाळेचा आकडा दुसऱ्या एखाद्या औषधात जास्त आला की हीच मंडळी तिला नावे ठेवतात, हेही मी पाहिलेले आहे.

मोजमाप:

मी पुण्यात अशाच एका प्रयोगशाळेत अठरा वर्षे काम करीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सांगलीकरांचा सल्ला व्यवहारी असला तरी मला तो पटत नाही.

पहिली गोष्ट अशी की यंत्र खोटे बोलत नाही, कारण त्याला मिलिग्रॅम ठाऊकच नसतो. एलसी-एमएसएमएस, म्हणजे अर्कातली रसायने वेगळी करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या, यंत्रात द्राक्षाचा अर्क सोडला की पडद्यावर एक टेकाड उमटते, आम्ही त्याला पीक म्हणतो. त्या पीकचे क्षेत्रफळ, समजा, चाळीस हजार आले. या चाळीस हजारांचा अर्थ किती, हे सांगण्यासाठी त्याच औषधाचे शुद्ध रूप नेमक्या प्रमाणात विरघळवून त्याच यंत्रात, त्याच दिवशी सोडावे लागते. ते शुद्ध रूप म्हणजे स्टँडर्ड, कागदोपत्री भाषेत संदर्भ मानक. बाजार समितीच्या काट्याची वजने वैधमापन खात्याकडून तपासून शिक्का मारून घ्यावी लागतात. आमची वजने काचेच्या कुपीत दहा-पंचवीस मिलिग्रॅम पांढऱ्या भुकटीच्या रूपात येतात, आणि शिक्क्याच्या जागी एक प्रमाणपत्र येते. तुमच्या अहवालातला प्रत्येक आकडा हा तुमच्या द्राक्षाची त्या कुपीशी केलेली तुलना आहे. तुलना एवढ्या बारीक पातळीवर चालते की ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम औषध. तेव्हा दोन आकडे निराळे आले तर यंत्रांच्या आधी दोन कुप्यांची चौकशी करावी.

प्रमाणपत्रावर शुद्धता लिहिलेली असते. ९८.५ टक्के शुद्ध भुकटी १०.०० मिलिग्रॅम तोलली तर तिच्यात औषध ९.८५ मिलिग्रॅम असते आणि पुढचे सारे गणित त्याच आकड्यावर चालले पाहिजे. हे वाचायला सोपे वाटते, पण गणिताच्या तक्त्यात शुद्धतेचा रकाना रिकामा राहिल्याचे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. शिवाय सगळ्या कुप्या एका दर्जाच्या नसतात. आयएसओ १७०३४ नुसार मान्यता असलेल्या उत्पादकाचे प्रमाणित संदर्भ द्रव्य, म्हणजे सीआरएम, घेतले तर शुद्धतेसोबत तिची अनिश्चितता आणि ती कोणत्या मूळ मापापर्यंत जोडलेली आहे याची साखळीही मिळते. नुसते ‘अॅनालिटिकल स्टँडर्ड’ असे लिहिलेल्या कुपीबरोबर कधी कधी केवळ एक टक्केवारी मिळते. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ या नावाने आपल्या देशातली प्रमाणित द्रव्ये उपलब्ध करून देते, तरी माझ्या फ्रीजरमधल्या कीडनाशकांच्या बहुतेक कुप्या आजही परदेशातून आलेल्या आहेत, आणि एखादी संपली की नवी येईपर्यंत महिना-दीड महिना ते रसायन अहवालातून वगळावे लागते.

पाचवा दशांश:

मोजमाप सरांचे विवेचन उत्तम आहे, पण मूळ प्रश्नातली एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली असावी. ०.०१४ ला ०.०१६ ने भागल्यास ०.८७५ येते. इमामेक्टिन बी१ए या रेणूचा भार ८८६.१ आहे आणि त्याच्या बेंझोएट क्षाराचा भार १००८.२ आहे. पहिल्याला दुसऱ्याने भागल्यास ०.८७९ येते. पहिल्या प्रयोगशाळेच्या ०.०१६ ला या गुणकाने गुणले तर ०.०१४ मिळते, अगदी दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याइतके.

बाजारात मिळणारे औषध इमामेक्टिन बेंझोएट असते आणि कुपीतही बेंझोएटच येते, परंतु युरोपीय नियमातली अवशेषाची व्याख्या ‘इमामेक्टिन बी१ए आणि त्याचे क्षार, इमामेक्टिन बी१ए म्हणून व्यक्त केलेले’ अशी आहे. म्हणजे मोजताना क्षाराचे वजन वजा करून सांगायचे. पहिल्या प्रयोगशाळेने ते वजा केले नसावे, असा माझा अंदाज आहे. इमिडाक्लोप्रिड आणि अझॉक्सिस्ट्रोबिन यांचे क्षार नसतात, म्हणून त्यांचे आकडे दोन्हीकडे जुळले.

मोजमाप:

पाचवा दशांश यांनी मला पकडले, हे मान्य आहे. त्यांच्या अंदाजात एक भर घालतो. इमामेक्टिनच्या कुपीत बी१ए आणि बी१बी अशी दोन जवळची भावंडे असतात. बी१ए नव्वद टक्क्यांहून जास्त आणि उरलेले बी१बी. काही प्रमाणपत्रांवर दोघांची मिळून एकच शुद्धता छापलेली असते. यंत्रावर आम्ही मोजतो ते फक्त बी१ए, वस्तुमान ८८६ वरून तुटून १५८ वर येणारा तुकडा. एखाद्याने दोघांची एकत्रित ९८ टक्के शुद्धता बी१एच्या नावावर लावली तर तिथेही काही टक्क्यांची चूक होते. म्हणजे या एका कुपीत दोन खड्डे आहेत, आणि एकातून वाचलेला मनुष्य दुसऱ्यात पडू शकतो.

सावध_वाचक:

मला ही गणिती जुळणी जरा अति सोयीची वाटते. मूळ लेखकाने घडांचे दोन भाग केले, द्राक्षांचा एकत्र लगदा करून वाटे केले नाहीत. फवारणीचे द्रावण घडाच्या खांद्यावर जास्त बसते आणि आत कमी पोहोचते, हे बागायतदारांना मी सांगायला नको. दोन पिशव्यांतच दहा-बारा टक्क्यांचा फरक असू शकतो. दुसरे असे की युरोपीय संघाची ‘सँटे’ मार्गदर्शक तत्त्वे बहु-अवशेष तपासणीच्या निकालाला सरसकट ५० टक्के विस्तारित अनिश्चितता धरतात. म्हणजे ०.०१६ याचा अर्थ ०.००८ ते ०.०२४ यांच्या दरम्यान काहीही. त्या पट्ट्यात ०.०१४ आरामात बसते. मग या दोन आकड्यांत फरक आहे असे म्हणणेच चुकीचे नाही का?

पाचवा दशांश:

पिशव्या असमान असत्या तर तो असमानपणा तिन्ही औषधांत दिसला असता. दोन औषधे पाच टक्क्यांच्या आत जुळतात आणि तिसरे तेवढे बारा टक्क्यांनी ढळते, म्हणून मी त्या तिसऱ्याच्या कुपीकडे बोट दाखवले. अर्थात हा पुरावा नव्हे, हे मलाही मान्य आहे. पुरावा प्रयोगशाळेच्या कच्च्या नोंदीतच मिळेल.

अनिश्चिततेच्या मुद्द्यावर मात्र मी सहमत नाही. ५० टक्क्यांचा पट्टा हा अर्क काढताना, गाळताना आणि मोजताना पुढेमागे होणाऱ्या चढउतारांसाठी आहे. क्षाराचा गुणक विसरणे हा चढउतार नाही. ती रोज, प्रत्येक नमुन्यात, एकाच दिशेने होणारी चूक आहे. पट्टा रुंद आहे म्हणून त्याच्या आडोशाला ती लपवता येत नाही.

मोजमाप:

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, परंतु कज्जा खरा निराळ्या ठिकाणी आहे. युरोपातील सरकारी यंत्रणा माल दोषी ठरवताना आधी अनिश्चितता वजा करते आणि तरीही आकडा मर्यादेच्या वर राहिला तरच कारवाई करते. खासगी आयातदार आणि सुपरमार्केटे ही सवलत देतीलच असे नाही. त्यांच्या अंतर्गत मर्यादा पुष्कळदा कायद्याच्या मर्यादेच्या अर्ध्या किंवा एक-तृतीयांश असतात, आणि छापील आकडा ०.०१६ असेल तर तो ०.०१५ पेक्षा मोठा एवढेच त्यांच्या खरेदी विभागाला दिसते. विज्ञानाच्या दृष्टीने निरर्थक असलेला फरक व्यापाराच्या दृष्टीने एका कंटेनरच्या किमतीचा ठरतो. म्हणून द्राक्षबाग यांनी पहिल्या प्रयोगशाळेला लेखी विचारावे: इमामेक्टिनचा आकडा कशाच्या रूपात व्यक्त केला आहे, आणि कुपीच्या प्रमाणपत्रावर बी१एची स्वतंत्र शुद्धता आहे काय? आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या मानकाप्रमाणे चालणाऱ्या प्रयोगशाळेला ग्राहकाच्या अशा शंकेचे उत्तर टाळता येत नाही.

मास_नदीकाठ:

मी रॉटरडॅमला अन्नतपासणीच्या क्षेत्रात काम करते. तुमची द्राक्षे आमच्याच बंदरात उतरतात, म्हणून धागा आवर्जून वाचला. ‘अमुक म्हणून व्यक्त केलेले’ या चार शब्दांची किंमत इकडे सर्वांना २०१७ साली कळली. कोंबड्यांच्या खुराड्यांतल्या लाल माइट किडीसाठी वापरलेल्या द्रवात फिप्रोनिल मिसळलेले निघाले आणि नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनी येथे लक्षावधी अंडी नष्ट करावी लागली. अंड्यांसाठी मर्यादा ०.००५ मिलिग्रॅम प्रति किलो होती आणि व्याख्या होती ‘फिप्रोनिल आणि त्याचे सल्फोन यांची बेरीज, फिप्रोनिल म्हणून व्यक्त केलेली’. कोंबडीच्या शरीरात फिप्रोनिलचे झपाट्याने सल्फोन होते. त्यामुळे अंड्यात जे उतरते त्यात मूळ औषध थोडे आणि सल्फोनच फार. ज्या प्रयोगशाळेकडे फक्त फिप्रोनिलची कुपी असेल आणि सल्फोनची नसेल, ती तेच अंडे निर्दोष ठरवू शकते, आणि तिने एकही खोटा शब्द लिहिलेला नसतो. तेथे गुणक ०.९६५ आहे, म्हणजे तो विसरल्याने फारसे बिघडत नाही. कुपी नसल्याने मात्र सगळेच बिघडते.

सांगलीकर:

ताई, कुपी नसल्याने काय होते ते आम्हाला २०१० साली पुरेपूर कळले. सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, हे काही कीटकनाशक नव्हे, वाढ रोखणारे संजीवक आहे. छाटणीनंतर शेंडा आवरावा म्हणून आम्ही वर्षानुवर्षे वापरत होतो. त्या काळी निर्यातीपूर्वी तपासायच्या रसायनांच्या यादीत त्याचे नावच नव्हते. आमचे अहवाल स्वच्छ होते, निर्यातीच्या द्राक्षांची नोंद ठेवणाऱ्या ग्रेपनेट या संगणकीय प्रणालीवर सगळे हिरवे होते, माल बोटीत बसून युरोपात पोहोचला आणि तिकडच्या प्रयोगशाळांनी सीसीसी शोधले. मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो होती, माल तिच्या वर गेला आणि कंटेनर अडकले. त्या हंगामात ज्यांनी नुकसान सोसले ते आजही ‘सीसीसीचे वर्ष’ म्हणूनच तो काळ सांगतात. आमचा प्रश्न तेव्हाही हाच होता की, इथल्या प्रयोगशाळेला जे दिसले नाही ते तिथल्या प्रयोगशाळेला कसे दिसले.

मोजमाप:

उत्तर असे की इथे कोणी ते पाहतच नव्हते. बहु-अवशेष पद्धतीत आम्ही एका वेळी शेकडो रसायने शोधतो म्हणून लोकांना वाटते की नमुन्यात जे काही आहे ते सगळे दिसते. वस्तुस्थिती अशी की यंत्राला ज्या रसायनांच्या खुणा शिकवलेल्या असतात तेवढीच त्याला दिसतात, आणि खुणा शिकवायला आधी कुपी लागते. सीसीसीची आणखी एक अडचण होती. ते पाण्यात फार विरघळणारे, विद्युतभारित रसायन आहे. नेहमीच्या अर्कात ते नीट येत नाही, त्याच्यासाठी आम्लयुक्त मिथेनॉलने वेगळा अर्क काढावा लागतो. त्या वर्षानंतर मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखालील तपासणी यादीत त्याचा समावेश झाला. ‘आढळले नाही’ आणि ‘तपासले नाही’ यांतला फरक अहवालाच्या शेवटच्या पानावरच्या यादीवरून कळतो. ते पान बहुतेकजण उलटतच नाहीत.

जुना_वाचक:

२००३ च्या ऑगस्टमध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने शीतपेयांत लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरीफॉस सापडल्याचे जाहीर केले, तेव्हाचा गदारोळ अनेकांना आठवत असेल. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संसदेची संयुक्त समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल फेब्रुवारी २००४ मध्ये आला. त्या वेळच्या वादात एक प्रश्न वारंवार विचारला गेला की, सापडलेले पीक खरोखर त्या औषधाचेच आहे हे कशावरून? मला तेव्हा तो कंपन्यांचा कांगावा वाटला होता. त्यात तांत्रिक तथ्य काही होते का?

मोजमाप:

समितीने त्या संस्थेचे निष्कर्ष मुख्यत्वे उचलून धरले, हे आधी नोंदवतो. प्रश्न म्हणून मात्र तो योग्यच होता. तेव्हा जीसी, म्हणजे अर्कातली रसायने वायुरूपात वेगळी करणाऱ्या, यंत्राला इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर जोडून तपासणी होत असे. तो डिटेक्टर क्लोरिनयुक्त पदार्थांना फार संवेदनशील असतो, पण समोर आलेला पदार्थ कोण आहे हे सांगत नाही. कुपीतले लिंडेन अकराव्या मिनिटाला येते आणि नमुन्यातले पीकही अकराव्या मिनिटाला आले, तर ते लिंडेन, एवढाच पुरावा. आज त्याच्या जोडीला वस्तुमानाचे किमान दोन तुकडे आणि त्या तुकड्यांचे परस्परप्रमाण पाहतात. ‘सँटे’प्रमाणे येण्याची वेळ कुपीच्या वेळेपासून ०.१ मिनिटाहून अधिक ढळता कामा नये आणि तुकड्यांचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आत जुळले पाहिजे. म्हणजे कुपी दोन कामे करते: आधी ओळख पटवते आणि मग माप देते. पिण्याच्या पाण्याची मर्यादा एका औषधासाठी लिटरला ०.०००१ मिलिग्रॅम आहे. एवढ्या खाली ओळखीची चूक होणे मापाच्या चुकीपेक्षा सोपे असते.

गाळ_आणि_माती:

पर्यावरणाची बाजू राहून गेली आहे, म्हणून लिहिते. मी नदीच्या गाळातल्या जुन्या कीटकनाशकांवर काम करते. आपल्या देशात डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ पासून बंद आहे, हिवताप निर्मूलनासाठी तेवढी मोकळीक राहिली. म्हणून गाळात डीडीटी सापडले की पहिला प्रश्न असतो, ते जुने की नवे? मूळ डीडीटीचे हवा मिळाली तर डीडीई होते आणि हवा नसलेल्या गाळात डीडीडी होते. मूळ डीडीटी कमी आणि ही रूपे जास्त असतील तर साठा जुना. उलट असेल तर कोणीतरी अलीकडे वापरले.

आता गंमत पाहा. जीसी यंत्राच्या तापलेल्या तोंडाशी काचेची एक बारीक नळी असते. दहा-बारा गढूळ अर्क सोडले की तिच्यावर काळसर थर बसतो, आणि त्या थरावर नवे कोरे डीडीटी आदळले की तिथल्या तिथे तुटून डीडीडी बनते. म्हणजे परवा वापरलेले औषध अहवालात तीस वर्षे जुने ठरते. म्हणूनच रोज सकाळी पहिले इंजेक्शन केवळ डीडीटी आणि एन्ड्रिन यांच्या शुद्ध स्टँडर्डचे द्यायचे आणि त्यातले किती तुटले ते पाहायचे. अमेरिकन पर्यावरण संस्थेच्या पद्धतीत प्रत्येकी १५ टक्क्यांची सीमा आहे. आमच्याकडे एकदा सकाळचा आकडा २२ टक्के आला आणि आदल्या दिवशीचे सोळा नमुने पुन्हा चालवावे लागले. नळी बदलल्यावर तो ४ टक्क्यांवर उतरला.

एचसीएच या दुसऱ्या जुन्या कीटकनाशकाचीही तीच कथा आहे, त्याच्या रेणूची अल्फा, बीटा, गॅमा अशी निरनिराळी रूपे असतात. तांत्रिक एचसीएचमध्ये निम्म्याहून जास्त अल्फा असते, लिंडेनमध्ये जवळजवळ सगळे गॅमा, आणि सर्वांत चिवट असते ते बीटा. एकत्रित ‘एचसीएच’ असा आकडा देणारा अहवाल मला निरुपयोगी वाटतो. प्रत्येक रूपाची निराळी कुपी लागते. आमची खरी पंचाईत मात्र कोऱ्या मातीची आहे. द्राक्षवाल्यांना फवारणी नसलेली द्राक्षे मिळू शकतात, त्यांच्या अर्कात स्टँडर्ड मिसळून मोजपट्टी तयार करता येते. डीडीईचा अंशही नसलेली माती शोधायला मी कोठे जाऊ? म्हणून आम्ही जड कार्बन वापरून बनवलेले डीडीई नमुन्यात आधीच मिसळतो. ते अर्क काढताना तेवढेच हरवते आणि तेवढेच उरते, पण यंत्राला निराळे दिसते.

सावध_वाचक:

ही जड कार्बनची कल्पना मला सर्वांत पटली. द्राक्षातही तसे का करीत नाहीत?

मोजमाप:

काही थोड्या औषधांसाठी करतो. प्रत्येक औषधासाठी तशी कुपी घ्यायची तर तिची किंमत साध्या कुपीच्या कित्येक पट पडते, आणि एका नमुन्यात आम्ही शेकडो औषधे शोधतो. म्हणून कोऱ्या द्राक्षाच्या अर्कात मोजपट्टी करणे आणि ठरावीक प्रमाणात औषध मिसळून ७० ते १२० टक्के परत मिळते का हे पाहणे, यावर भागवावे लागते.

कुपी प्रत्यक्ष हाताळताना काय होते तेही सांगतो, कारण पुस्तकात ते एका ओळीत असते. मी नवीन असताना जूनच्या अखेरीस, पाऊस कोसळत असताना, उणे वीस अंशांवरून डेल्टामेथ्रिनची कुपी काढली आणि घाईने तिथेच उघडली. पाच दशांशांच्या तराजूवर भुकटी ठेवली तर आकडा १०.२१, मग १०.२४, मग १०.२९ असा चढतच राहिला. मला वाटले तराजू बिघडला. आमच्या वरिष्ठ बाईंनी मागून पाहिले, कुपीच्या काचेवर बोट फिरवले आणि ओले बोट माझ्यापुढे धरले. मी औषधाबरोबर पुण्याची हवा तोलत होतो. कुपी बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, हा नियम त्या दिवसापासून मी मोडलेला नाही. पाण्यामुळे स्टँडर्ड कागदावर आहे त्याहून फिके होते आणि सगळ्यांच्या द्राक्षांचा आकडा चढतो. उलट बाटलीचे बूच ढिले राहून द्रावक उडाला तर स्टँडर्ड दाट होते आणि सगळ्यांचा आकडा उतरतो. कमी आकडा देणारी प्रयोगशाळा निवडण्याचा सल्ला मला का पटला नाही, ते सांगलीकरांनी यावरून ताडावे.

त्याच डेल्टामेथ्रिनने मला पुढेही शिकवले. पायरेथ्रॉइड, म्हणजे डेल्टामेथ्रिनच्या गटातली कीटकनाशके, मिथेनॉलसारख्या द्रावकात ठेवले तर हळूहळू आपले रूप पालटतात. रेणू तोच राहतो, त्याची ठेवण बदलते आणि मुख्य पीकच्या शेजारी एक लहान पीक वाढू लागते. म्हणून नवे द्रावण केले की जुन्याशी तुलना करायची, दोन्हींची किमान पाच पाच इंजेक्शने, आणि सरासरीत १० टक्क्यांहून अधिक अंतर असेल तर आधी कारण शोधायचे. कारण दर वेळी जुन्यातच सापडते असे नाही.

सांगलीकर:

माझा पहिला प्रतिसाद मी मागे घेतो.

द्राक्षबाग:

सर्वांचे आभार. पहिल्या प्रयोगशाळेला शनिवारी पत्र लिहिले होते, आज त्यांच्या तांत्रिक व्यवस्थापकांचा सविस्तर फोन आला आणि पाठोपाठ ईमेलही आली. त्यांचे स्टँडर्ड बेंझोएट क्षाराचे आहे, बी१एची शुद्धता प्रमाणपत्रावर स्वतंत्र दिलेली आहे आणि ती त्यांनी बरोबर धरली आहे. मात्र निकाल ‘इमामेक्टिन बेंझोएट’ म्हणूनच दिला होता. खासगी नमुन्याच्या अर्जात मी ‘युरोपीय व्याख्येनुसार’ हा रकाना कोरा ठेवला होता, असे त्यांनी अर्जाची प्रत पाठवून दाखवून दिले. म्हणजे चुकीत माझाही वाटा आहे. सुधारित अहवालात आकडा ०.०१४ आला आहे आणि तळाला ‘इमामेक्टिन म्हणून व्यक्त’ अशी टीप आहे. आयातदाराला दोन्ही अहवाल आणि पत्रव्यवहार पाठवला आहे. अधिकृत नमुना घ्यायला गुरुवारी माणसे येणार आहेत.

एक शेवटची शंका आहे. भुरीसाठी मारलेल्या अझॉक्सिस्ट्रोबिनच्या बाबतीत असा काही गुणक लावावा लागतो काय?

पाचवा दशांश:

नाही. अझॉक्सिस्ट्रोबिन आहे तसेच मोजायचे असते. फक्त प्रमाणपत्रावरची शुद्धता आणि मुदतीची तारीख पाहून घ्या.